चालवायला मिळाली ती गाडी

गाडी विकण्यापूर्वी नोएलीनला एकच लाभ हवा होता: नवऱ्याची ती ठेंगणी लाल स्पोर्ट्स कार एकदा तरी चालवायचा. एकोणीस वर्षं क्लाइव्हने तिला स्टिअरिंगला बोट लावू दिलं नव्हतं. आता गिऱ्हाईक दूरच्या अ‍ॅडलेडचं, आणि पर्थहून गाडी भाड्याच्या ट्रेलरवरून न्यायची होती.

गाडीचं पोट घासू नये म्हणून क्लाइव्हने चढावाला फळ्या लावल्या आणि किल्ली तिच्या हातात ठेवली.

"मी चालवू?" ती हरखली.

"वर चढली की दार ट्रेलरच्या पत्र्याला अडतं, खिडकीतून निघावं लागतं. माझं पोट मावेल का त्यातून? तू काटकुळी आहेस."

बारा हात गाडी चालवून ती खिडकीतून उतरली, तेवढ्यात तिचा गुडघा पत्र्यावर आपटून फुटला.

"खरचटलं का गं?" क्लाइव्ह धावला.

"हो, रक्त येतंय."

"तुला नाही, गाडीला!"

अ‍ॅडलेडला सुजल्या गुडघ्यानिशी तिनेच खिडकीतून शिरून गाडी खाली घेतली. नव्या मालकाने किल्ली सरळ बायकोकडे फेकली. "जा, चक्कर मारून ये."

क्लाइव्हला पुरती किंमत मिळाली. नोएलीनला चढताना बारा हात, उतरताना बारा. आणि गुडघा तिच्याच पदरचा.