घडी मोडलेला आहेर

“अहो, उचला की तो फोन! वाजून वाजून मरंल बिचारा,” मी चुलीपासूनच ओरडले.

फोन खिडकीत थरथरत होता आणि आमचे हे त्याच्यासमोर हात मागं बांधून उभे. संभाजीनगरच्या वकिलाचा फोन. आज अपिलाचा निकाल होता, हे आख्ख्या लोहाऱ्याला ठाऊक होतं. शेवटी मीच पिठाच्या हातानं उचलला.

“काकू, सुटले साहेब! निर्दोष!”

“जज काय म्हनले? यांनी पैसे मागितलेच न्हाईत, असं म्हनले का?”

“लाचेची मागणी शाबीत होत नाही, असं म्हटलंय.”

“ते येगळं आन् हे येगळं.”

“कायद्यात एकच, काकू,” वकील हसले.

असेल बाई कायद्यात. मी यांना सांगितलं. हे म्हणाले, “बरं.” आणि अंगणात जाऊन बाजेवर बसले. बरं! पोरीला पोर झाली, ती पोर शाळेत जायला लागली, इतकी वर्षं वाट पाहिली आणि हा माणूस ‘बरं’ म्हणतो. मला असा राग आला, की भाकरी तव्यावरच करपली. मग रडूही आलं.

हे काही पहिल्यापासून असे नव्हते हो. बब्रुवान डॉक्टर म्हटलं, की माळावरच्या मेंढराच्या वाड्यापर्यंत रस्ता सांगायला माणसं उठायची. डॉक्टर कसले, सरकारी दवाखान्यातले पशुधन पर्यवेक्षक. पण धनगरांनी डॉक्टर म्हटलं, मग सगळ्यांनीच म्हटलं. मेंढी अडली, की हे सदरा काढायचे, कोपरापर्यंत साबण लावायचे आणि डोळे मिटून हात आत घालायचे. “थांब माय, थांब, झालंच,” असं मेंढीला म्हणायचे. मला कधी इतक्या गोडीनं बोलल्याचं आठवत नाही! घरी आले, की कपड्यांना असा वास, की मी यांना अंगणातच अडवायची. आज तोच वास कुठून आला, तर मी चुलीवरचं सोडून धावत जाईन.

कोकरू जगलं, की धनगराच्या घरी आहेर ठरलेला. टोपी आणि टॉवेल. नको म्हणायची सोय नाही. आहेर नाकारला म्हणजे घर नाकारलं. माझी ट्रंक टॉवेलांनी भरलेली. आमच्या शिवकन्येचं सगळं बाळपण आहेराच्या टॉवेलात गुंडाळलेलं गेलं. ताक गाळायला टॉवेल, पापड वाळवायला टॉवेल. मी चेष्टा करायची, “कधी लुगड्याचा आहेर आना की!” हे नुसते हसायचे. ते हसणं फार गोड होतं.

मग गावातला तो उमाशंकर आला. सरकारी भरपाईसाठी त्याच्या शेळ्या वीज पडून मेल्या, असा दाखला त्याला पाहिजे होता. शेळ्या चांगल्या बाभळीचा पाला खात होत्या. हे म्हणाले, “जितं जनावर मी मेलं म्हणून लिहू व्हय?” तो गेला आणि काही दिवसांनी हसत परत आला. “राग सोडा डॉक्टर. पोराचं जावळ काढलंय, आहेर घ्या.” यांनी टॉवेल दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला. घडीत काहीतरी टोचलं, म्हणून बोटं घातली. नोटा! तेवढ्यात चहाच्या टपरीवरून माणसं धावली. उमाशंकरनंच तक्रार करून आणलेले लाचलुचपतवाले. नोटांना कसली पावडर लावलेली असते म्हणे. यांची बोटं त्यांनी कसल्याशा पाण्यात बुडवायला लावली, तर पाणी गुलाबी झालं.

तेच पाणी बाटलीत भरून कोर्टात ठेवलं होतं. त्याच्याकडे बोट दाखवून तो सरकारी वकील बोलत होता आणि मी मागच्या बाकावर शिव्या गिळत होते. शिक्षा झाली, नोकरी गेली. अपील टाकलं, जामिनावर घरी आले. पण हात तेव्हापासून मागं गेले ते गेलेच. कुणाच्या हातून नारळ घेणार नाहीत, प्रसाद घेणार नाहीत. शिवकन्येच्या लग्नात व्याह्यांनी टॉवेल-टोपी पुढं केली, तर हे दगडासारखे उभे. मांडवात कुजबुज. माझ्या भावानं पुढं होऊन घेतली, म्हणून निभावलं. पोर मुंडावळ्यांआड रडत होती, ते सासरी जायचं रडणं नव्हतं. कोर्टाचा काय निकाल लागायचा तो लागो, मला एवढंच हवं होतं, की या माणसाचे हात पुढं यावेत.

ऊन उतरताना बिरू आला. यांच्या हातून ज्यांची निम्मी मेंढरं जन्मली, त्या घरातला. डोक्याचे केस पार पांढरे, हातात पिशवी.

“डॉक्टर, आता न्हाय म्हनायचं न्हाय. उठा.”

“नगं, बिरू. बस. च्या घे.”

“आमच्या आईनं ह्यो आनून ठिवला हुता. म्हनायची, डॉक्टर सुटला की माझ्या नावानं बांधा. म्हातारी वाट बघून गेली, डॉक्टर.”

पिशवीतून लाल काठाचा टॉवेल निघाला. पेटीत राहून राहून घडीवर पिवळा पडलेला, डांबराच्या गोळ्यांचा वास. बिरूनं यांना टोपी घातली. टॉवेल पुढं केला. यांचे हात मागंच.

बिरूनं पाहिलं. मग त्यानं आहेराची घडी मोडली. आहेर कुणी असा उलगडून देत नाही. पण त्यानं दोन्ही टोकं धरून तो झटकला. इकडून दाखवला, तिकडून दाखवला.

“बगा. आत काय न्हाय. निस्ती आमची म्हातारी हाय.”

यांचे हात पुढं यायला किती वेळ लागला, काय सांगू! पण आले. दोन्ही आले. टॉवेल घेतला, कपाळाला लावला आणि तसाच तोंडावर धरून हे हुंदके देऊन रडले. “लई जीव लावला रं तुमी,” म्हणाले. मी कुंकू आणायच्या निमित्तानं आत पळाले.

चहा पिऊन बिरू गेला. हे टॉवेल खांद्यावर टाकून पूर्वीसारखे बसले होते. मला वाटलं, संपलं एकदाचं.

“अगं,” हे हळूच म्हणाले, “हातावर जरा पाणी घाल.”

मी पांढरा टब पुढं ठेवला आणि तांब्यानं पाणी घातलं. यांनी एकेक बोट चोळून धुतलं आणि टबात बघत राहिले. खोटं कशाला सांगू, मीही वाकून पाहिलं.