श्यामलाची काळी दोन

श्यामलाचा घसा वर्षभर बसलेला होता, निदान ती सगळ्यांना तसं सांगत होती. ज्येष्ठमध चघळून झालं, हळद-दूध झालं, मिठाच्या गुळण्या झाल्या. घरातून दही आणि लोणचं हद्दपार झालं आणि तिच्या नवऱ्याला, पुरुषोत्तमला, ताकाचा थेंब मिळेनासा झाला. त्या बिचाऱ्याच्या घशाला काहीच झालं नव्हतं. पण सुक्याबरोबर ओलंही जळतं, तसं झालं.

जयनगरच्या मराठी मंडळात दिवाळी पहाटेची सुरुवात श्यामलाच्या भूपाळीने व्हायची. ही भूपाळी तिच्या सासूबाईंची. त्या गेल्यावर ती हिच्याकडे आली, आणि तिच्याबरोबर त्यांची पट्टीही आली: पेटीची काळी चार. गाणाऱ्या बायकांची ही नेहमीची, चांगली उंच पट्टी. श्यामलाला तिचा फार अभिमान होता. आणि यंदा गणपतीत नेमका त्याच पट्टीत, भर अंतऱ्यात, तिचा आवाज फाटला. लोकांनी सभ्यपणे टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्याच तिला जास्त झोंबल्या.

मग ती घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी नळी घालून तपासलं आणि हसून सांगितलं, "घसा ठणठणीत आहे. पाळी बंद झाल्यावर काहीजणींचा आवाज जाड होतो, खाली येतो. हा आजार नाही. गाणं सोडू नका, फक्त ओढूनताणून वर जाऊ नका."

आजार निघाला असता तर श्यामलाला बरं वाटलं असतं. आजाराला औषध असतं, आणि तो चारचौघांत सांगता येतो. हे कसं सांगायचं? बाहेर थंडी आणि ही मात्र पंखा पाचवर लावून झोपते, म्हणून पुरुषोत्तम कानटोपी घालून निजायचा, तेवढं घरातल्या घरात खपून गेलं होतं. पण मंडळात?

"मग खालच्या पट्टीत गा की," पुरुषोत्तम म्हणाला. तो सरकारी कारखान्यात विमानांचे सुटे भाग तपासतो, सगळं त्याला स्क्रू फिरवण्याइतकं सोपं वाटतं.

"काळी दोनवर येतोय आवाज! ती तुम्हा पुरुषांची पट्टी, अहो. लोक म्हणतील, संपली श्यामला."

तिलाही तेच वाटत होतं, की आपण संपलो. रात्री कूस बदलताना, सकाळी डबा भरताना हाच एक विचार. गाण्याशिवाय आपल्याजवळ स्वतःचं असं आहे तरी काय, हेही तिला कळेना.

शेवटी तिने ठरवलं. घसा बसलाय असंच सांगायचं आणि भूपाळी प्रांजलीला द्यायची. झाकली मूठ सव्वा लाखाची! प्रांजली पुण्याची, आयटीतली, दर रविवारी बेळ्ळंदूरहून ते भयंकर ट्रॅफिक तुडवत तिच्याकडे शिकायला यायची. मुलीचा आवाज गोड होता आणि काळी चार तिला सहज पेलत होती.

तालमीला दामोदरअण्णा पेटी घेऊन आले. अण्णांच्या तीन पिढ्या इथेच, कानडी मुलखात वाढलेल्या, सत्तरी ओलांडली तरी बोटं तरुण. प्रांजली छान गायली. पण भूपाळीत एक ओळ पायऱ्या उतरत खाली खर्जात जाते, तिथे तिचा आवाज विरून जायचा.

"सॉरी काकू, तिथे मला ग्रिपच मिळत नाहीये."

"अगं, घाबरत उतरू नकोस. अशी उतर," म्हणत श्यामलाने ती ओळ म्हणून दाखवली.

म्हणता म्हणता ती स्वतःच दचकली. तरुणपणी जिथे तिचा स्वर फक्त हवेसारखा निघायचा, तिथे आज तो भरीव, रुंद, ठाम उभा राहिला. अण्णांचा भात्यावरचा हात थांबला.

"अक्का, घसा तर छान आहे की! मग हिला कशाला देताय?"

सगळी सोंगं आणता येतात, पण आवाजाचं आणता येत नाही. श्यामलाचे कान तापले. सासऱ्यांच्या वयाचा माणूस समोर. पण खोटं बोलून बोलून ती आता दमली होती.

"घशाला काही झालेलं नाही, अण्णा," ती एका दमात म्हणाली. "माझी पाळी गेली. आवाज उतरलाय. वरचं जमत नाही."

आता अण्णा खाली बघतील, खाकरतील, चहाचा विषय काढतील, अशी तिची खात्री होती.

"सरी, ठीक आहे," अण्णा म्हणाले. "मग कुठली पट्टी घेऊ?"

एवढंच! ज्या वाक्यासाठी तिने वर्षभर ज्येष्ठमध चघळलं, त्याला एवढंच उत्तर.

"काळी दोन," ती पुटपुटली.

"मग तबला मोठ्या तोंडाचा लागेल." अण्णांनी लगेच तबलजीला फोन लावला. ऐकायला जरा कमी येत असल्याने त्यांचं बोलणं अख्ख्या जिन्याला ऐकू जायचं. "जितेंद्र, अक्कांची पाळी गेली रे, आवाज उतरलाय! काळी दोनचा तबला आण!"

धरणीमाते, पोटात घे, असं श्यामलाला झालं. पलीकडून आवाज आला, "ओके अण्णा. माझ्याकडे नाहीये तसला, इथल्या शिवाजीनगरच्या दुकानांत बघतो." आणि फोन ठेवला गेला. प्रांजली तेवढ्यात तंबोऱ्याच्या मशीनचं बटण फिरवून काळी दोनला लावूनही मोकळी झाली होती.

"आणि हिचं गाणं?" श्यामलाने विचारलं.

"काकू, मी नंतर एक अभंग म्हणेन ना. हे सीरियसली तुमचंच आहे."

दिवाळीच्या दिवशी आकाश उजळायच्या आत मंडळाचं सभागृह भरलं. उटण्याचा वास आणि मागच्या खोलीतून उपम्याचा. श्यामलाने डोळे मिटले आणि षड्ज लावला. पुढच्या रांगेत दोघीतिघींनी चमकून वर पाहिलं, तेही तिला मिटल्या डोळ्यांनी जाणवलं. पण स्वर हलला नाही. गळ्याला ओढ नव्हती की पुढच्या उंच जागेची धास्ती नव्हती. अंतरा आला, तशी ती आरामात वर चढली, आणि मग ती ओळ आली. एक एक पायरी उतरत ती खर्जात जाऊन थांबली, आणि बाई तिथे थांबूनच राहिली! तिला तिथून निघावंसंच वाटेना. सभागृहात कप-बशांचा आवाज बंद झाला होता. श्यामलाला इतका आनंद झाला की हसू दाबत तिने कशीबशी सम गाठली.

गाणं संपलं. टाळ्या जरा उशिराच आल्या, पण गणपतीतल्यासारख्या सभ्य मुळीच नव्हत्या. कार्यक्रमपत्रिकेत तिचं एकच गाणं होतं आणि सेक्रेटरी पुढचं नाव पुकारायला माइककडे निघालेही होते.

"आणखी एक म्हणते," श्यामला माइकमधूनच म्हणाली, आणि त्यांच्या होकाराची वाट न बघता तिने सूर लावला.