मागच्या चाकाची कुईकुई

इंदापूरच्या महिपती अप्पांच्या मुलीचं, रतनचं लग्न झालं ते १९५४ साल. त्याच वैशाखात मी त्यांच्या दारात आलो. मित्रांनो, मी एक जुना ब्रेकचा ड्रम आहे, मोटारीच्या मागच्या चाकात बसणारा. माझ्या पोटात दोन अर्धगोल पट्टे असतात. ब्रेक दाबला की ते मला आतून घट्ट धरतात आणि चाक थांबतं. आमची गाडी इतकी जुनी, की पुढच्या चाकांना ब्रेकच नव्हते. सगळा भार आम्हा मागच्या दोघांवर.

गाडी घेतली अप्पांच्या मुलानं, कुंडलिकनं. पूर्वी माझे पट्टे लांब सळयांनी ओढले जात. सळया झिजल्या आणि गाडी वेळेवर थांबेना. म्हणून दिवाळीच्या तोंडावर बारामतीच्या जोतीराम मिस्त्रींनी सळया काढून बारीक नळ्या बसवल्या. आता नळ्यांतल्या दाबानं ब्रेक लागू लागला. पट्टेही नवे घातले.

"नवं हायेत, थोडं दिस कुईकुई करतील," मिस्त्रींनी बजावलं. "करू द्या. पण आत तेलाचा थेंब जाता कामा न्हाय."

कुंडलिकनं मान हलवली. हे घरी सांगावं, असं त्याच्या मनातही आलं नाही.

अप्पांचं सारं आयुष्य बैलगाडीवर गेलेलं. ज्याचं चाक करकरतं त्याच्या घरात कर्ता माणूस नाही, असं त्यांच्याकडे हसून म्हणत. माझा आवाज ऐकून अप्पांना घास गोड लागेना.

"पहिल्या दिवाळीला लेकीला आणायचं, अन् तिच्या दारात गाडी अशी रडत जाणार?"

अप्पांच्या बायको छबूबाई चुलीपुढून म्हणाल्या, "मोटार हाय ती. शेपूट पिरगाळायला तुमचा बैल न्हाय. कुंडलिकला इचारा की."

"त्याला काय इचारू? त्याला चालायला म्या शिकवलं."

कुंडलिक मळ्यात गेल्यावर अप्पांनी एरंडेलाची वाटी आणली आणि चाकामागच्या फटीतून आत धार धरली. दोन्ही ड्रमांना पाजलं. हात मायेचा होता. मी गप्प झालो.

दुसऱ्या दिवशी बाप-लेक मोरगावला, रतनच्या सासरी निघाले.

"बघ, चाक कसं मुकं चाललंय," अप्पा म्हणाले.

"मिस्त्रीचं काम बेस हाय."

अप्पा नुसतेच हसले.

ब्रेक नीट धरत नाही, हे सपाटीवर फारसं जाणवलं नाही. मोरगावच्या अलीकडे उतार लागला आणि खाली शेरडं आडवी आली. त्यांच्यामागे एक म्हातारी होती. कुंडलिकनं ब्रेक दाबला. पट्टे माझ्यावरून नुसते घसरले.

"अप्पा, घट्ट धरा!"

त्यानं गाडी बांधावर घातली. म्हातारी वाचली, शेरडं वाचली. अप्पा दगडांत फेकले गेले.

मिस्त्रींनी मला उघडलं तेव्हा एरंडेल गळालं. कुंडलिकनं बोटाला लावून वास घेतला. "आईला सांगू नका," एवढंच म्हणाला. आजही छबूबाई बाजाराला आल्या की मिस्त्रींच्या दुकानापुढं उभ्या राहून त्यांना शिव्या घालतात. मिस्त्री मान खाली घालून ऐकून घेतात.

मला पुन्हा चाकात बसवलं नाही. दुकानामागे गंजत पडलो आहे.

मित्रांनो, आमच्यावर माया करा, पण आधी आमची जात ओळखणाऱ्याला विचारा. आणि तुम्हाला कुणी अशी काही ताकीद दिली, तर ती घरी सगळ्यांना सांगा, म्हाताऱ्या माणसांना सगळ्यांत आधी.

महिपती अप्पा १९५४ च्या दिवाळीत, वसुबारसेच्या दिवशी, मोरगावच्या उतारावर वारले.