खालच्या हौदातली फळी

संशयाला औषध नाही म्हणतात, ते आमच्या ह्यांना, तोकुजींना, बघूनच कुणीतरी म्हटलं असावं.

डोंगरातलं पाणी आधी वरच्या वाडीच्या हौदात पडतं, मग मधल्या भिंतीतल्या भोकांतून आमच्या खालच्या हौदात. लावणीआधी दोन्ही वाड्यांची माणसं एकच लाकडी खुंटी प्रत्येक भोकात घालून बघतात. कुणी भोक कोरलं वा बुजवलं तर लगेच कळतं. यंदाही खुंटी बरोबर बसली. तरी भात पोटरीला आलं, लोंब्या फुटायची वेळ झाली, आणि आमच्याकडे पाणी कमी.

"ही हिसामात्सूचीच करणी!" हे म्हणाले. हिसामात्सू वरच्या वाडीचं पाणी वाटून देणारे पाटकरी, आणि आमच्या चिझुरूचे होणारे सासरे.

त्यांच्या मुलानं, कोसाकूनं, बिचाऱ्यानं भोकाचं माप आणि वरच्या पाण्याची उंची घेऊन हिशोब मांडला. येत होतं त्याच्या दुप्पट पाणी यायला हवं होतं.

"बघ! पोराच्या हिशोबानंच बाप चोर ठरला!"

त्यांच्याकडून आलेल्या मागणीच्या भेटींचं जांभळं गाठोडं उचलून हे तडक हौदावर. मागे चिझुरू, आणि गार करायचं कलिंगड घेऊन मी. हिसामात्सू आणि कोसाकू तिथंच होते.

"हे घ्या. चोराच्या घरी मुलगी देत नाही."

चिझुरूचा चेहरा उतरला. मला असा संताप आला! कलिंगड हौदात सोडलं, तर ते काठावरून निसटायला लागलं. साठा राहावा म्हणून ह्यांनी शेताकडच्या तोंडाशी फळी लावून हौद काठोकाठ भरून ठेवलेला. मी फळी उपसली. पाणी उतरलं, बुडालेली भोकं उघडी पडली आणि धो धो वाहू लागली.

"बघा, मला बघून वरून पाणी सोडलं!" हे ओरडले.

कोसाकूनं फळी परत लावली. हौद भरला, भोकं बुडाली, बाहेरची धार बारीक झाली.

"काका, मी फक्त आमच्याकडची उंची धरली. तुमचं साठलेलं पाणी उलट रेटतंय, ते धरलंच नाही. चुकलंच माझं."

हिसामात्सूंनी गाठोडं उचललं. "पाण्याचं कळलं, तोकुजी-सान. पण उद्या सुनेच्या डोळ्यांत पाणी दिसलं, तरी चोर मीच. हे गाठोडं मी परत नेतो."

चिझुरूनं गाठ धरली. "या भेटी मला दिल्यात. बाबांना नाही."

हिसामात्सूंनी हात सोडला. हे फळीकडेच बघत राहिले.

संध्याकाळी ती फळी मी चुलीत घातली. ह्यांनी बघितलं, आणि पहिल्यांदाच काही विचारलं नाही.