वरची

"गच्ची तर रिकामीच आहे की साहेब," सोलरवाला टेप ओढत म्हणाला. "आठ पॅनेलं आरामात बसतील."

त्या रिकाम्या गच्चीत ती दोरीवर युनिफॉर्म वाळत घालत उभी होती. वय सत्तावन्न, सरकारी दवाखान्यात एकतीस वर्षं परिचारिकेची नोकरी. धुणंभांडीवालीकडे पाहावं तसं सोलरवाल्याने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा टेप ओढली. भावाने ओळख करून दिली नाही. गच्चीचं एवढं कौतुक त्याला आयुष्यात पहिल्यांदाच वाटत होतं, त्यात बहिणीला कुठे जागा असणार!

"फक्त ती खोली आड येतेय," सोलरवाला म्हणाला. "दुपारनंतर तिची सावली पडणार. पाडली तर काम सोपं. कोण राहतं का तिथे?"

"राहतं म्हणजे... सामान असतं त्यात," वहिनी म्हणाली.

ते सामान दोरीला चिमटा लावत होतं. तिला राग आला नाही. राग यायला समोरच्याची थोडी तरी किंमत वाटावी लागते.

खालच्या घरात तिचं नाव 'वरची' होतं. वरचीचं पत्र आलंय. वरचीला सांगा, पाणी कमी वापर. वडील तीन वर्षं अंथरुणाला खिळून होते, तेव्हा त्यांचं हगणंमुतणं हिने काढलं. भाऊ रोज दारातूनच "कसं वाटतंय?" विचारायचा आणि उत्तराची वाट न बघता ऑफिसला पळायचा. वडील गेल्यावर वाटणीचा कागद मात्र त्यानेच तयार करून आणला. घर त्याला, गच्ची आणि गच्चीवरची खोली हिला. सही झाल्यावर तो बायकोकडे बघून हसला होता. "ताईची मजा आहे, मोकळी हवा मिळाली!"

आता त्या हवेत ऊन सापडलं होतं.

"ताई," भाऊ म्हणाला. त्याच्या तोंडचं इतकं मऊ 'ताई' तिने त्या सहीनंतर ऐकलं नव्हतं. "तू खालीच ये ना राहायला. स्वयंपाकघरामागची खोली पडूनच आहे. या वयात जिने कशाला चढतेस?"

त्या खोलीला खिडकी नव्हती. "तिथे सामान असतं ना?" तिने विचारलं.

"काढू की! तुमचंच घर आहे, वन्सं," वहिनी म्हणाली.

तिच्या खोलीची वीज खालच्या मीटरवरून येत होती आणि बटण जिन्याखाली होतं. रातपाळी करून ती दिवसा झोपायची. ऐन उन्हाळ्यात, भर दुपारी, पंखा घरघरत थांबायचा. घामाने निथळत ती खाली गेली की वहिनी गालावर बोट ठेवायची, "अगंबाई, तुम्ही होतात का वर? मला वाटलं कुणीच नाही." अठरा उन्हाळे वहिनीला हेच वाटत आलं होतं आणि आश्चर्यही दर वेळी तेवढंच ताजं. इतकी विसरभोळी बाई, पण मैत्रिणींचे वाढदिवस एक चुकत नव्हती.

सोलरवाल्याने फाइल उघडली. "गच्ची ज्यांच्या नावावर आहे त्यांची सही लागेल, साहेब."

"देईल ती," भाऊ म्हणाला. "त्यात काय एवढं!"

'ती' कोण, ते सोलरवाल्याच्या डोक्यात शिरायला एक क्षण गेला. "मावशी, गच्ची तुमची?"

"हो. आणि त्या खोलीतलं सामान म्हणजे मीच." तिने बादली पालथी घातली. "एका माणसाला किती पॅनेलं लागतात हो? एक पंखा, दोन दिवे, छोटा फ्रिज."

सोलरवाला सूर्यफुलासारखा जागच्या जागी वळला. भावाकडे त्याची पाठ झाली. "तीन बास झाली, मॅडम! खोलीच्याच छतावर बसवू, आत बॅटरी. सावलीचा प्रश्नच मिटला. खोली तर फारच मोक्याच्या जागी आहे तुमची."

"तू लावणार?" भावाचा आवाज चिरकला. "आमच्या डोक्यावर? लोक काय म्हणतील?"

"लोकांना मी कुठे दिसते?"

"एकट्या जिवाला कशाला हवंय हे सगळं?" वहिनीने विचारलं.

"दुपारी झोपायला."

"आज बाबा असते तर..."

"तर तू दारातून विचारलं असतंस, कसं वाटतंय." ती त्याच्याकडे बघतही नव्हती. "द्या हो तो कागद. कुठे करू सही?"

पुढच्या आठवड्यात तीन पॅनेलं बसली. वायरमनने खालून येणारी जुनी केबल कापली आणि भंगारात टाकू का म्हणून विचारलं. तिने ती मागून घेतली. बँडेज गुंडाळावं तशी घट्ट, एकसारखी गुंडाळली, टोकं आत खोचली, आणि दुपारपाळीला निघताना खालचं दार वाजवलं. काय बोलायचं ते तिने चार दिवस मनात घोळवलं होतं. चांगलं झोंबणारं वाक्य होतं.

भावाने दार उघडलं. तो अनवाणी होता. तिची नजर त्याच्या पायावर गेली आणि ते वाक्य तिथेच राहिलं.

"ही तुझी वायर," ती म्हणाली. "अंगठा कधीपासून काळा पडलाय?"

त्याने पाय दारामागे ओढला. "काही नाही गं. बूट चावला असेल."

"दुखतो?"

"अजिबात नाही."

दुखत नव्हता, तेच वाईट होतं. "उद्या मला सकाळपाळी आहे. आठला दवाखान्यात ये, उपाशीपोटी. साखर तपासू. आणि केसपेपरच्या रांगेत उभा राहा. सगळे राहतात."

तो वायरचं भेंडोळं छातीशी धरून उभा राहिला. मग घसा खाकरून त्याने विचारलं, "तू... कुठल्या वॉर्डात असतेस?"

एकतीस वर्षांत त्याने हे कधी विचारलं नव्हतं. तिने पर्स खांद्याला अडकवली.

"मोठ्या सिस्टर कुठे आहेत, असं विचार फाटकावर," ती म्हणाली. "कुणीही सांगेल."