आधीच लागलेला फ्लेक्स

मी भावी नगरसेवकाची बायको आहे. लग्न झालं तेव्हा हे नुसते रोहिदास होते. आमची मुलगी तनुजा शाळेत जायला लागली तेव्हा भावी झाले आणि ती बारावी झाली तरी भावीच राहिले. मधली काही वर्षं महापालिकेच्या निवडणुकाच झाल्या नाहीत. तेव्हा तर आमच्या रहाटणीत गल्लीगणिक एक भावी होता, त्यामुळे त्या काळात मला फारसं वाईट वाटलं नाही.

भावी व्हायला बाकी काही लागत नाही, फ्लेक्स लागतो. वाढदिवसाचा, दहीहंडीचा, कुणाच्या तरी नेमणुकीचा. ह्यांचा एक सिद्धांत आहे: आधी लावायचं, मग होतं. लोकांनी येता-जाता रोज वाचलं की त्यांना ते झाल्यासारखंच वाटायला लागतं, असं ह्यांचं म्हणणं. या सिद्धांतावर हे अजून निवडून आलेले नाहीत, पण म्हणून सिद्धांतावरचा विश्वास तसूभरही कमी झालेला नाही.

आता पोरीचं सांगते. तनुजाला लांबच्या एका विद्यापीठात शिकायला जायचं होतं. दिल्लीच्याही पलीकडे. तिथे प्रवेश मिळणंच मुश्कील, आणि हुशारीवर पूर्ण शिष्यवृत्ती मिळणारी मुलं तर देशभरातून हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. तनुजाला ती शिष्यवृत्तीच हवी होती. पैशासाठी नाही. जिथे माझ्या सासूबाईंनी, शालनबाईंनी, मेथीचे वाफे खुरपले, तिथे आता आमच्या बिल्डिंगा उभ्या आहेत आणि त्यांत हिंजवडीला जाणारी पोरं भाड्याने राहतात. पैशाची अडचण आमच्या घरातून केव्हाच उठून गेली. अडचण होती सासऱ्यांची. मारुतराव त्यांचं नाव, घरात सगळे आबा म्हणतात.

आबांनी सोफ्यावर मांडी घालून निकाल दिला होता. "त्यांनी मानानं बोलावली, फी माफ करून, तर जाईल. पैसं भरून लेक लांब धाडायची न्हाई. लोक म्हणत्याल, हिकडं कुणी घेतली न्हाई म्हणून धाडली."

म्हणजे आमच्याकडे शिष्यवृत्ती ही फीची सवलत नव्हती, घराबाहेर पडायचा परवाना होती. नाही मिळाली तर आकुर्डीचं कॉलेज, तीन वर्षांनी स्थळं, आणि मग माझ्यासारखं कुठल्या तरी भावीच्या घरी. हे शेवटचं कुणी बोललं नव्हतं, पण मला दिसत होतं. मी राजगुरुनगरच्या कॉलेजात बीकॉमला पहिली आले होते, त्याची आठवण आता या घरात फक्त मलाच आहे.

अर्जाबरोबर निबंध लागतो म्हणून आम्ही पिंपळे सौदागरला आम्रपाली मॅडमकडे गेलो. केकच्या दुकानाच्या वर त्यांचं ऑफिस. परदेशी, देशी, सगळ्या मोठ्या विद्यापीठांचे अर्ज त्या बसवून देतात. त्यांनी तनुजाचे मार्क पाहिले, मान डोलावली आणि विचारलं, "हिचा संघर्ष काय?"

"कसला संघर्ष?" ह्यांनी विचारलं.

"आयुष्यात काहीतरी सोसलेलं लागतं. निवड समितीला ते बघायचं असतं."

हे दुखावले. "मॅडम, आम्ही पोरीला कशाला म्हणून कमी पडू दिलेलं नाही."

"तेच अवघड झालंय," मॅडम म्हणाल्या.

घरी येऊन आम्ही सगळे संघर्ष शोधायला बसलो. आबांनी त्यांचा देऊ केला, पुरात म्हैस आणायला पवनेत उडी मारल्याचा. ह्यांनी स्वतःचं तिकीट ऐनवेळी कापलं गेल्याची हकीकत पुन्हा एकदा पहिल्यापासून सांगितली. शालनबाई लसूण सोलता सोलता म्हणाल्या, "पोरीला मेथी आवडत न्हाई आन् ह्या घरात रोज मेथी आसती. ल्ही म्हणावं." तनुजा हसून हसून लाल झाली. मग तिने कुणालाच न विचारता निबंध लिहिला. आमच्या जुन्या विहिरीवर बिल्डिंग उभी राहिली आणि आता त्याच बिल्डिंगला टँकरने पाणी येतं, यावर. त्यात तिने टँकरवाल्यांशी बोलून केवढी तरी माहिती भरली होती. मॅडमना तो फारसा पसंत नव्हता, कारण त्यात कुणी रडत नव्हतं.

तरी पोरगी शेवटच्या फेरीत गेली. देशभरातल्या हजारोंतून. मेल आला तेव्हा तिने मला स्वयंपाकघरात येऊन मिठी मारली, आणि "एवढ्यात कुणाला सांगू नकोस, अजून मुलाखत आहे" असं कानात सांगितलं. मी फक्त ह्यांना सांगितलं. नवऱ्याला सांगणं म्हणजे अख्ख्या गावाला सांगणं, हे मला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाजी आणायला खाली उतरले तर रहाटणी चौकात माझी मुलगी दोन मजली उभी. दहावीच्या ओळखपत्रावरचा फोटो, दोन वेण्या, डोळे अर्धवट मिटलेले. शेजारी हे, हात जोडलेले, तिच्यापेक्षा थोडे मोठे. "आमची कन्या कु. तनुजा हिला शंभर टक्के शिष्यवृत्ती मिळाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. शुभेच्छुक: भावी नगरसेवक रोहिदासभाऊ मित्र परिवार." पुढे काळेवाडी फाट्यापर्यंत असे आणखी फ्लेक्स होते. भाजीवाल्याने मला कोथिंबिरीची जुडी फुकट दिली. मी ती घेतली. नको म्हणायला तरी तोंडातून शब्द फुटायला हवा होता.

"अहो, अजून मिळाली नाही ना तिला," मी घरी येऊन म्हटलं.

"मिळंल की. मग घाईघाईत लावण्यापेक्षा आधीच लावलेला बरा. गणराज म्हणाला, पुढच्या आठवड्यात सगळ्या जागा एका बिल्डरने घेतल्यात." गणराज म्हणजे ह्यांचा फ्लेक्सवाला. आमच्या घरातल्या शुभकार्यांचे मुहूर्त भटजींच्या आधी तो काढतो.

तनुजाने खिडकीतून चौकाकडे पाहिलं. मग म्हणाली, "पप्पा, काढा ते. प्लीज."

"लावलेला फ्लेक्स काढत नसतात बाळा. अपशकुन असतो."

मुलाखत घरूनच, ऑनलाइन होती. तिच्या खोलीच्या खिडकीतून नेमका चौक दिसतो. मी दाराबाहेर उभी राहून ऐकत होते. इंग्रजी सगळं कळत नाही, पण एक प्रश्न कळला. एका बाईंनी फार गोड आवाजात विचारलं, की सगळं तुझ्या मनाविरुद्ध घडत असताना तू परिस्थिती कशी सांभाळलीस, असा एखादा प्रसंग सांग. तनुजा गप्प झाली. खिडकीबाहेर प्रसंग दोन मजली उभा होता, पण तो परक्या माणसांना कसा सांगायचा? आणि सांभाळला तरी कुठे होता? शेवटी तिने शाळेतल्या कुठल्याशा स्पर्धेचं काहीतरी सांगितलं. आवाजावरूनच मला कळलं की ते खरं नाही.

निकाल आला. प्रवेश मिळाला होता. शिष्यवृत्ती मिळाली नव्हती.

त्या दुपारी आमच्या हॉलमध्ये मयताला बसावं तसे सगळे बसले होते. रविवारी मंगल कार्यालयात तिचा सत्कार ठरला होता. पक्षाचे मोठे साहेब यायचे होते. फेटेवाला सांगून झाला होता, बँड सांगून झाला होता, गावकीतल्या सगळ्यांना निरोप गेले होते. आबांना यातलं काही महत्त्वाचं वाटत नव्हतं. त्यांनी शब्द दिला होता आणि तो ते पाळणार होते.

"न्हाई मिळाली ना? मग न्हाई जायाचं. हितं काय कालेजं कमी हायेत व्हय?"

मला तनुजाकडे बघवेना. हे आपल्याच विचारात होते. "ते होईल हो आबा. मी काय म्हणतो, सत्कार तर होऊ द्या. मग महिन्याभराने सांगू, तब्येतीमुळे पोरगी गेली नाही म्हणून. लोकं विसरतात."

म्हणजे पोरीची शिष्यवृत्ती गेली, जाणं गेलं आणि आता तब्येतही जाणार होती. मला ह्यांचा इतका संताप आला की हातातला कप मी बशीत आपटला आणि टेबलावर चहा सांडला. पण बोलले नाही. मी अशा वेळी बोलत नाही, हेच माझं चुकत आलंय.

बोलली तनुजा. चहात साखर किती, असं विचारावं तशा आवाजात.

"पप्पा, सत्काराला मी येते. फेटा बांधते. तुम्ही म्हणाल तशी साहेबांच्या पाया पडते. फक्त एक विचारायचंय. सत्कारमूर्तीला दोन शब्द बोलायला लावतात ना?"

"लावणारच की. माइक द्यावाच लागतो."

"मग मी काय बोलू?"

हे हसऱ्या चेहऱ्याने तिच्याकडे बघत राहिले. मग चेहरा तसाच राहिला आणि हसू गेलं.

"म्हणजे?"

"म्हणजे मी जाणार असेन तर एक बोलायला लागेल, नाही जाणार तर दुसरं. मला खोटं बोलायला जमत नाही. मुलाखतीत बोलले, तर बघा काय झालं ते. म्हणून म्हटलं आधी विचारून ठेवावं."

शालनबाई सुपारी चघळायच्या थांबल्या होत्या. ह्यांना भर सभेत माइक हातात घेतलेली आपली लेक दिसत होती, शेजारी मोठे साहेब दिसत होते, आणि समोरच्या रांगेत मोबाइल वर धरून बसलेले बाकीचे सगळे भावी दिसत होते.

आबांनी नातीकडे रोखून पाहिलं. आधी कपाळाला आठ्या पडल्या, मग हळूहळू मिशीखाली काहीतरी हललं. "रोहिदास," ते म्हणाले, "तुझ्या जागी हिला उभी केली आसती तर कवाच निवडून आली आसती." आणि मग, थोड्या वेळाने, "भर पैसं. फलेक्स लावलाय न्हवं? आता खरा कराय लागंल."

आबांनी दिलेला शब्द एका फ्लेक्सपुढे हरला. आमच्याकडे शब्द घरात दिलेला असतो, फ्लेक्स चौकात असतो.

मला तेव्हा त्या मुलाखतवाल्या बाईंची फार आठवण झाली. त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मुलीने माझ्या डोळ्यांदेखत दिलं होतं, आणि ऐकायला त्या नव्हत्या.

सत्कार जोरात झाला. तनुजाने भगवा फेटा बांधला, शाल-श्रीफळ घेतलं, साहेबांच्या पाया पडली. माइक हातात आला तेव्हा हे खुर्चीच्या अगदी कडेला सरकून बसले. ती म्हणाली, "माझ्या पप्पांनी तो फ्लेक्स लावला नसता, तर मी आज शिकायला जाऊ शकले नसते. मी त्यांची कायम ऋणी राहीन." टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेबांनी ह्यांची पाठ थोपटली. तिच्या बोलण्यात खोटा असा एकही शब्द नव्हता.

कार्यक्रम संपल्यावर बायका मुलींना घेऊन तिच्याभोवती जमल्या. शिष्यवृत्ती मिळवायला काय करावं लागतं, कोणता क्लास, किती तास अभ्यास. तेवढं मात्र तिला जड गेलं. घरी आल्यावर फेटा सोडता सोडता ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. "मम्मी, मला जायचंच होतं. पण असं नव्हतं जायचं."

ती गेली. ह्यांचं तिकीट नंतर झालेल्या निवडणुकीतही कापलं गेलं. हे भावी राहिले, आणि मुलीची शिष्यवृत्ती ह्यांच्या पत्रकात छापायला तेवढी कामाला आली.

परवा दुपारी तिचा फोन आला. पहिलं वर्ष संपलं होतं. तिथे आधीच शिकत असलेल्यांतूनही दरवर्षी काही जणांना राहिलेल्या वर्षांसाठी पूर्ण शिष्यवृत्ती देतात. मार्क बघतात आणि मुलाखत घेतात. तिने अर्ज केल्याचं आम्हाला सांगितलंच नव्हतं.

"मिळाली मम्मी. पूर्ण. या वेळी तोच प्रश्न विचारला त्यांनी. मी आपल्या हॉलमधली ती दुपार सांगितली. सगळे हसले."

मी ओरडूनच ह्यांना हाक मारली. ऐकलं आणि हे ताडकन उठले. डोळ्यांत पाणी आलं ह्यांच्या, खोटं का सांगू. खिशातून मोबाइल काढला, नंबर लावला, आणि पलीकडून गणराजचा आवाज मलाही ऐकू आला, "बोला भाऊ, काय छापायचं?"

ह्यांनी मोबाइल कानापासून थोडा लांब धरला.

काय छापणार? शंभर टक्के शिष्यवृत्ती मिळाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन? ते तर छापून, लावून, टाळ्या घेऊन झालं होतं. रहाटणीत ते सगळ्यांना वर्षापासून माहीत होतं. पुन्हा लावावा तर मग ती पहिली कोणती, असं कुणीतरी विचारणार.

"काही नाही रे," हे म्हणाले. "चुकून लागला."

मग खुर्चीत बसले आणि मोबाइल उलटा करून मांडीवर ठेवला. शालनबाईंनी विचारलं, "पेढं तरी वाटायचं का न्हाई?" आबा म्हणाले, "कशाचं म्हणून सांगनार?"

मला पोरीची फार कीव आली. नसलेल्या यशाला बँड लागला होता आणि असलेल्याला घरातल्या घरात गप्प बसावं लागत होतं. फोन अजून चालूच होता. मी तिला म्हटलं, "तनू, तुझं हे यश कुणाला सांगतासुद्धा येत नाही गं आता."

"नका सांगू," ती म्हणाली. तिचा आवाज हसरा होता. "ते राहू दे मम्मी. हे एवढं माझं एकटीचं आहे."

हे ऐकत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "तिला म्हणावं, एक चांगला फोटो पाठव." मी काही बोलायच्या आत घाईघाईने पुढे म्हणाले, "लावायला नाही. असाच."