डोळ्याला डोळा

मास्तरांच्या कपात तिनं चमचाभर मीठ टाकलं, नीट ढवळलं, आणि मग तो सगळा चहा बेसिनमध्ये ओतून दिला. आधण पुन्हा ठेवलं. दर रविवारचा तिचा हा नेम होता. मीठ विरघळताना जे काय वाटायचं, ते आठवडाभर पुरवून पुरवून वापरायचं.

"मास्तर आले का गं?" आतल्या खोलीतून नवऱ्यानं विचारलं.

"आलेत. बसलेत बाहेर. घड्याळ चुकेल एक वेळ, पण ते चुकायचे नाहीत."

आत वस्तरा मगवर आपटल्याचा आवाज आला. आठवडाभर तो दाढीचे खुंट वाढवून खिडकीशी बसलेला असायचा. जेवायला हाक मारली तरी तीनदा मारावी लागायची. रविवारी सकाळी मात्र स्वतःहून आरसा मागायचा, इस्त्रीचा शर्ट मागायचा, आणि दाढी करता करता शीळसुद्धा घालायचा. कुणासाठी, तर ज्यानं याचा पाय घालवला त्याच्यासाठी.

मास्तर एका शाळेत भूगोल शिकवायचे. नवरा मोटरसायकलवरचा पोलीस. लग्नाच्या आधीपासून त्याचं आयुष्य दोन चाकांवर. त्या दिवशी रुग्णवाहिकेला वाट करून देत तो पुढं निघाला होता, सायरन चालू, दिवा चालू. चौकात समोरून येणारी मास्तरांची राखाडी गाडी एकाएकी वळली आणि आडवी आली. गाडीचं एक दार चेपलं. त्याचा डावा पाय गुडघ्याखालून गेला.

"मला ते दिसलेच नाहीत," मास्तरांनी कोर्टात सांगितलं होतं, मान खाली घालून.

नवरा तेव्हा चाकांच्या खुर्चीत होता. तो म्हणाला, "त्यानं माझ्याकडे पाहिलं. डोळ्याला डोळा भिडला होता. म्हणूनच मी पुढं गेलो."

त्यावर डॉक्टर उभे राहिले. एवढा जबर मार बसल्यावर मेंदू मधल्या रिकाम्या जागा स्वतःच भरून काढतो, माणूस खोटं बोलत नसतो, पण ते खरंही नसतं, असं त्यांनी समजावून सांगितलं. शांत, शहाण्यासारखं बोलले. मागच्या बाकावर बसलेल्या तिची मान त्या बोलण्यावर नकळत डोलली होती. नवरा तेव्हा पुढं बघत होता. त्याला ते दिसलं नसणार, असं ती अजूनही स्वतःला सांगत होती.

मास्तरांना दंड झाला, काही महिने परवाना जप्त झाला. मिटलं.

नवऱ्याच्या बाबतीत मात्र मिटलं नाही. खात्यातल्या नव्या पोरांना मोटरसायकल शिकवायचं काम त्याच्याकडे होतं. तो त्यांच्याकडून घोकून घ्यायचा, "सायरन वाजतोय म्हणजे आपण दिसतोय असं समजू नका. आधी समोरच्याची चाकं बघा, मग डोळे बघा. डोळा भिडला तरच पुढं व्हा." आता त्याच पोरांना दुसरा कुणी शिकवत होता, आणि सायरनच्या भरवशावर चौकात घुसलं की काय होतं याचं उदाहरण म्हणून तिच्या नवऱ्याचं नाव घेत होता.

ती चष्म्याच्या दुकानात काचा बसवायची. दिवसभर गिऱ्हाइकांच्या नाकावर चष्मे चढवून विचारायचं, "आता दिसतंय का?" अपघातानंतर काही दिवस हे वाक्य तिच्या तोंडून फुटतच नव्हतं.

मास्तर पहिल्यांदा दवाखान्यात आले तेव्हा तिनं त्यांना दारातून हाकललं होतं. ते परत आले. मग घरी आले. "पाय ठेवाल तर याद राखा," ती म्हणाली, तर आतून नवऱ्याचा आवाज आला, "येऊ दे त्यांना." पुढच्या रविवारी त्यानंच बोलावलं. त्याच्या पुढच्याही. मास्तर आले की तो तिला म्हणायचा, "तू जा जरा ताईकडे. मास्तर आहेत सोबतीला." तिलाही त्या माणसाचं तोंड बघवत नव्हतं. चहा आदळायचा, पिशवी उचलायची आणि बहिणीचं घर गाठायचं. चपला घालताना आतून नवऱ्याचं हसणं कानावर यायचं. तिच्याशी तो असा हसून किती दिवस झाले होते कुणास ठाऊक.

नवऱ्याचा जोडीदार, त्याच्याबरोबर मोटरसायकलवर फिरणारा दुसरा पोलीस, अधूनमधून भेटायला यायचा. एकदा तिनं मन मोकळं केलं तेव्हा तो म्हणाला, "वहिनी, गाडीवाल्याच्या भोवती पत्रा असतो. आमच्या भोवती आमची कातडी. कुणी न बघता धाडकन दार उघडतं. कुणी फोनवर बोलता बोलता अंगावर येतं. कालच्या पावतीचा राग आज मुद्दाम करकचून ब्रेक दाबून काढणारेही असतात. आणि आम्ही आडवे झालो की सगळ्यांचं एकच पालुपद, दिसलाच नाही. एवढा दिवा, एवढा सायरन, एवढा धिप्पाड माणूस. हत्ती दिसत नाही का यांना?"

"मग करायचं काय?"

"तुम्ही नुसतं हो म्हणा. परवाना परत मिळालाय त्याला. रोज कुठल्या ना कुठल्या चौकात मी त्याची गाडी बाजूला घेतो. टायर, दिवा, आरसा, काहीतरी सापडतंच. सगळं कायद्यात बसवून. त्याला रस्त्यावर उतरायचीच धास्ती बसली पाहिजे."

ती हो म्हणाली. एका शब्दानं इतकं पोट भरतं, हे तिला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

त्या आठवड्यात तिला झोप चांगली लागली. रविवारी मास्तर उशिरा आले, शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. ती चहा घेऊन बाहेर आली तेव्हा नवरा फोनवर जोडीदाराशी बोलत होता.

"त्यांना अडवू नकोस. नाही, अजिबात नाही. मला ते वेळेवर हवे असतात."

ती त्यानंतर दोन दिवस नवऱ्याशी बोलली नाही. पायाबरोबर याचा कणाही गेला की काय, असं तिच्या ओठांवर आलं होतं. गिळलं.

आज मात्र बहीण सासरच्या कुणाच्या आजारपणासाठी गावाला गेली होती, त्यामुळे जायला ठिकाण नव्हतं. दुसरा चहा उकळत होता, तेवढ्यात मास्तर स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. हातात पसरट प्लास्टिकचं घमेलं.

"वहिनी, जरा कोमट पाणी मिळेल का? एरवी मीच घेतो. आज तुम्ही घरी आहात, म्हणून विचारलं."

"कशाला हवंय?"

"पाय धुवायला."

"कुणाचा?"

मास्तरांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. तिनं गॅस बारीक केला.

"तुम्ही धुता?"

"दर रविवारी. पट्टी सोडायची, धुवायचं, कोरडं करायचं, पावडर लावून मोजा चढवायचा. त्यांनी शिकवलंय मला. आधी जमत नव्हतं."

ती ओट्याला टेकली. दवाखान्यातून आल्यापासून नवऱ्यानं तिला तो पाय धड बघूसुद्धा दिला नव्हता. ती खोलीत शिरली की चादर ओढून घ्यायचा. माझं मी करतो, म्हणायचा.

"आणि काय काय करता?"

"मग ते विचारतात," मास्तर घमेल्याकडे बघत म्हणाले. "सांगा मास्तर, त्या दिवशी काय काय झालं. मी सांगतो. घरून निघालो तिथपासून. अंगात कुठला शर्ट होता, मनात काय चाललं होतं, सायरन कुठून ऐकू आला. शेवटी मी म्हणतो, तुम्ही मला दिसला नाहीत. ते म्हणतात, परत. मी परत सांगतो. ते म्हणतात, परत."

"रागावतात?"

"रागावले तर बरं होईल हो. हसतात. पाठीवर थाप मारतात. म्हणतात, घाई नाही मास्तर, रविवार खूप आहेत."

तिच्या छातीतलं काहीतरी इतक्या महिन्यांनी सैल झालं. कणा जागेवर होता तर. आपण इथं मिठाचा चमचा घेऊन बसलो, आणि तिकडे नवरा पलंगावर पडल्या पडल्या केवढं मोठं काम करत होता. तिनं मास्तरांकडे नीट पाहिलं. गळ्याची हाडं वर आली होती. पहिल्यांदा दवाखान्यात आले तेव्हा हा माणूस चांगला भरलेला होता. तिला फार बरं वाटलं.

"मला दुसऱ्या गावी नोकरी मिळालीय," मास्तर म्हणाले. "लांब आहे. तिथून येणं व्हायचं नाही. जायच्या आधी..." ते थांबले. मग आवाज इतका खाली आणला की उकळत्या चहातून तो तिला वेचून घ्यावा लागला. "वहिनी, ते मला दिसले होते."

तिनं गॅस बंद केला.

"लांबूनच दिसले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. मला वाटलं, पोलीस आहे, सवय असते त्यांना, दाबतील ब्रेक. तेवढ्यात आपण निघून जाऊ. बस्स, एवढंच वाटलं. शाळेला उशीरही झाला नव्हता हो. आणि त्यांना, आपण एकमेकांना बघितलंय, म्हणजे हा थांबेल, असं वाटलं असणार. नंतर वकिलांनी विचारलं तेव्हा तोंडातून निघून गेलं, दिसले नाहीत. एकदा निघालं ते निघालं."

आतून नवऱ्याची शीळ ऐकू येत होती. जुनीच कुठलीतरी चाल, मध्येच सूर चुकवून परत पकडलेली.

ती त्या शिळेकडे कान लावून उभी राहिली. तो खरं बोलत होता. कोर्टात, घरात, झोपेतसुद्धा. सगळं जग एकीकडे आणि तो एकीकडे, आणि जगाच्या बाजूला मागच्या बाकावर ती. तिच्या मानेला एकदम आग लागल्यासारखं झालं. तिनं ओल्या हातानं मान दाबून धरली.

"आज सांगून टाकतो त्यांना," मास्तर म्हणाले. "खात्यालाही लिहून देईन. काय व्हायचं ते होवो. मला आता मोकळं व्हायचंय, वहिनी."

"मोकळं," ती म्हणाली.

तिनं घमेलं त्यांच्या हातातून घेतलं. शेजारच्या पातेल्यातलं गरम पाणी ओतलं, वर नळाचं सोडलं, बोट बुडवून पाहिलं, अजून थोडं गरम घातलं. कुणाच्या अंगाला कसं पाणी सोसतं हे तिला पक्कं माहीत होतं. शीळ थांबली. आत कपाटाचं दार उघडलं, मिटलं. तो शर्ट चढवत असणार. आज हा माणूस आत जाऊन सांगेल, तो ऐकेल, बहुतेक रडेल. मग मास्तर निघून जातील, हलके होऊन, नव्या गावी. आणि उद्याचा सोमवार. आणि त्याच्या पुढचा रविवार, त्या खिडकीशी.

"आज नाही," ती म्हणाली.

मास्तरांना नीटसं कळलं नाही. "म्हणजे?"

"म्हणजे आज नाही सांगायचं. नेहमीसारखंच सांगा."

"वहिनी, अहो, ते त्याचीच तर वाट बघतायत!"

"मला माहितीये ते कशाची वाट बघतायत."

"मग कधी?"

"मी सांगेन तेव्हा."

"पण माझी नोकरी..."

"नोकरीचं तुमचं तुम्ही बघा. रविवारी यायचं." तिनं घमेलं त्यांच्या हातात दिलं. "धरा नीट. सांडेल."

मास्तर तिच्याकडे बघत राहिले. शाळेत फळ्यासमोर उभं केलेल्या, उत्तर न येणाऱ्या पोराची नजर. मग ते वळले आणि पाणी हिंदकळू न देता, अंदाजानं एकेक पाऊल टाकत आत गेले.

"या मास्तर, या! आज पाण्याला एवढा वेळ?" नवऱ्याचा आवाज खणखणीत होता. "दार लोटून घ्या."

दार लोटलं गेलं. ती बाहेर येऊन भिंतीला टेकून उभी राहिली. आत पट्टी सोडल्याची खसखस, मग पाण्याचा आवाज. मग मास्तरांनी सुरुवात केली. घर, शर्ट, रस्ता, सायरन. आवाज कुठं अडखळला नाही. चौकापाशी येऊन मात्र ते थांबले. तिचा हात दाराच्या कडीपर्यंत गेला. नुसतं ढकलायचं होतं. "तुमचंच खरं होतं हो," एवढंच म्हणायचं होतं.

"तुम्ही मला दिसला नाहीत," मास्तर म्हणाले.

तिनं हात मागं घेतला.

पाणी थोडं हललं. मग नवऱ्याचा आवाज आला, शांत, जवळजवळ प्रेमळ.

"परत, मास्तर."